भाऊ, केळं आणि सहा हात

८ सप्टेंबर
कचोरी बंद! डॉक्टरांनी वजन माझं केलं आणि बोलले शकुंतलेशी. "चार वाजता भूक लागते ना यांना? फळ द्या." चाळीस श्लोक एका श्वासात म्हणणारा मी, पण बायकोच्या देखत डॉक्टरपुढे 'अहो, पण' याच्या पुढे जाता आलं नाही.

९ सप्टेंबर
हबीबच्या फळांच्या गाडीवरून जांब, म्हणजे पेरू, घेतला. "पंडितजी, तो शेगाव कचोरीवाला तुमची वाट पाहून राह्यला तिकडं!" असं म्हणत त्यानं चिरला, तिखट-मीठ लावून कागदात दिला. पेपरची बातमी लिहिता लिहिता संपलाही. फार छान लागला. हे घरी सांगायचं नाही.

१२ सप्टेंबर
दुसरबीडचा वामनराव काल सरकारी दवाखान्यात आला. दुसऱ्याच्या कपाशीवर मजुरीनं फवारत होता. वारा फिरला, विष अंगावर आलं. आता दिसत नाही, गिळता येत नाही. (बीटी कपाशी आली की फवारणी सुटली, असं पूर्वी सगळे सांगायचे!) पहिला डोस दिला आणि इंजेक्शनं संपली. मोठ्या गावी न्यायची गाडी नादुरुस्त.
त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, दारातच धरलं — "सायेब, पेपरात टाका ना! मानूस तसाच पडून आहे. काऊन कोनी ऐकून नाही राह्यलं?"
लगेच बातमी पाठवली.

१३ सप्टेंबर
आली नाही. उपसंपादकाचा फोन — "रोज रोज दुःख नको हो. आरोग्य पुरवणीला हलकंफुलकं द्या. ताजी फळं वगैरे."
दिलं. जांबाचे गुण, स्वानुभवासह.

१४ सप्टेंबर
जांब छापून आला! चौकटीत, माझ्या नावासह. शकुंतलेनं कात्रण फ्रिजवर लावलं. वामनराव तसाच.

१५ सप्टेंबर
आमच्या तालुक्याचे पुढारी भाऊ यांचा वाढदिवस. म्हणजे अर्थातच रुग्णांना फळवाटप. एका केळ्याला सहा जणांचे हात — समुद्रमंथनाला याहून कमी लागले असतील. वामनरावाच्या खाटेवर 'तोंडाने काही देऊ नये' अशी पाटी. एका कार्यकर्त्यानं ती उलटी केली.
"अहो, त्याले गिळताच नाही येत!" तानुबाई ओरडली.
"घ्या मावशी, फोटोपुरतं."
फोटो झाला. केळं पुढच्या खाटेवर गेलं.
परत येताना सुचलं. भाऊंचा फोटो पेपरच्या कार्यालयात कुणी अडवत नाही. खालच्या ओळीही कुणी वाचत नाही. मग लिहिलं — 'फवारणीच्या विषबाधेने अत्यवस्थ असलेले वामनराव यांना केळे देताना भाऊ. दवाखान्यातील इंजेक्शने संपल्याने त्यांच्यावर तूर्त केळ्याचा उपचार सुरू आहे.'

१६ सप्टेंबर
छापलं! जसंच्या तसं!
सकाळीच भाऊंचा फोन. "काय लिहून ठेवलं बे हे?" मी म्हटलं, "भाऊ, फोटो तर झकास आलाय!" भाऊंनी फोन आपटला.
दुपारी जीप आली. भाऊ आले, इंजेक्शनं आली. एका इंजेक्शनच्या खोक्याला सहा जणांचे हात. फोटो मीच काढला. दोन काढले.

१८ सप्टेंबर
वामनरावानं थोडं पाणी गिळलं.

२३ सप्टेंबर
वामनरावाला दिसू लागलं! तानुबाई हसते आणि रडते. "मले पाह्यलं न् पयले काय म्हणते — तू काऊन एवढी वाळली!" हबीबनं ऐकलं आणि मला फुकट पपई दिली. चार वाजायची वाट न पाहता खाल्ली.

९ ऑक्टोबर
तानुबाई टोपलीभर सीताफळं घेऊन आली. पिकलेली, डोळे उघडलेली. "कपाशीच्या बांधावरची आहेत. यायनंच तोडली तुमच्यासाठी."
"म्हणजे वामनराव शेतात जातो?"
"हाव. सोमवारपासून फवारनीवरच आहेत. दुसऱ्या कामाले एवढी मजुरी कोन देते, सायेब?"
ती गेली. शकुंतला आतून विचारते आहे — "एक फोडू का तुम्हाला?"