दोन वाव ढील

शनिवार, १४ मार्च
दुपार, शिडांची माडी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

"दोर मी ढिलाच सोडला होता, कुणी मानो न मानो." बस सुटायच्या आधी खिडकीतून तू हे म्हणालास, त्याला या महिन्यात बावीस वर्षं झाली. तू माझ्याकडे बघून म्हणालास आणि मी तुझी पिशवी नीट ठेवली आहे का ते बघत राहिले. आजच हे का आठवलं ते पुढे लिहिते. आधी बातम्या. वहिनीने लिहिलं होतं की तू माझी पत्रं चोरून दोनदा वाचतोस आणि नंतर चष्मा सापडत नव्हता म्हणतोस.

बाबा ठीक आहेत. डावा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्यापेक्षा कमी. मी ठीक, दुकान ठीक.

ही माडी तू पाहिलेली नाहीस. मालकीणबाई थकल्या, शिडांचं दुकान माझ्या गळ्यात घालून मोकळ्या झाल्या, आणि मी ते इथे वर हलवलं. माडीभर गुळगुळीत लाकडी जमीन, टेबल नाही, खुर्ची नाही. शिवणयंत्र जमिनीतल्या खड्ड्यात बसवलं आहे आणि मीही त्याच खड्ड्यात पाय सोडून बसते, म्हणजे शीड जमिनीवर पसरलेलंच राहतं आणि सरळ सुईखाली सरकतं. जिना चढून येणाऱ्याला आधी माझं डोकं आणि खांदे तेवढे दिसतात. परवा एक बाई किंचाळल्याच, "अगं बाई, अर्धं पुरलंय की काय तुम्हाला!"

समोर मोठी खिडकी, आणि खिडकीभर मरिना. तू होतास तेव्हा तरंगत्या धक्क्यांच्या दोनच रांगा होत्या आणि आपण त्यांना 'पाण्यावरचे पाट' म्हणून हसायचो. आता अकरा आहेत. वारा सुटला की सगळ्या दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटतात आणि कुणीतरी हजार कपांत एकदम साखर ढवळतंय असा आवाज होतो. मला आता त्याशिवाय काम सुचत नाही.

शनिवारी तर बघत राहावं. फळीवर उभं राहून वल्हवणारे सकाळीच येतात. आठवडाभर कचेरीत वाकलेली माणसं पाण्यावर काय ताठ उभी राहतात! तिसऱ्या रांगेत एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको होडीतच राहतात. टपावर टोमॅटोची रोपं आहेत, दोरीवर टॉवेल. शर्यतवाले वाऱ्याची दिशा त्या टॉवेलवरून बघतात, त्यामुळे मास्तरीणबाई शर्यतीच्या दिवशी मुद्दाम स्वच्छ टॉवेल वाळत घालतात. निळी क्रेन होड्या उचलून आणते तेव्हा आईसक्रीम खाणारे लोकसुद्धा चाटायचे थांबतात. एवढं मोठं यंत्र, पण होडी अशी हळू खाली ठेवतं की झोपलेलं बाळ ठेवावं.

आणि आमचे कप्तान. हे दातांचे डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी झकास होडी घेतली, टोपी घेतली, दुर्बीण घेतली, आणि अजून एकदाही धक्का सोडलेला नाही. मी विचारलं, "डॉक्टर, निघणार कधी?" तर म्हणाले, "अहो, इतकी छान जागा मिळालीय, सोडवत नाही." रोज संध्याकाळी होडीत बसून दुर्बिणीने दुसऱ्यांच्या होड्या बघतात. आधी मी हसायचे. आता वाटतं, ज्याला नुसतं बघून एवढा आनंद होतो तो भाग्यवान.

या सगळ्यात बाबा कुठे, असं तू विचारणार नाहीस. तरी सांगते. जुना दगडी धक्का पाडला नाही. दर रविवारी सकाळी बाबा तिथे पाहुण्यांना दोर बांधायला शिकवतात. मरिनाच्या कचेरीनेच विनंती केली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टोपी मागे सरकवून, खुंट्यावर पाय ठेवून उभे असतात, आणि दादा, खरं सांगते, माणूस बघण्यासारखा दिसतो. आवाज चढवत नाहीत. आपल्यावर जो चढायचा तो कुठे गेला कोण जाणे. लोकांची बोटं दोरात अडकतात तेव्हा स्वतःच्या हाताने एकेक बोट सोडवतात. दोर टाकताना अजून त्याचं वेटोळं हवेत पूर्ण उघडतं आणि खुंट्यावर अलगद बसतं. मी खिडकीतून बघते आणि हातातली शिवण तशीच राहते.

मागच्या रविवारी कप्तान शिकायला गेले. ऊन छान होतं म्हणून मीही डबा घेऊन खाली गेले. बाबा त्यांना सांगत होते, "तुमचा तरंगता धक्का पाण्याबरोबर वर जातो, खाली येतो. तिथे दोर आखूड बांधा, होडी हलणार नाही. हा दगड मात्र जागचा हलत नाही. इथे भरतीला आखूड बांधलात तर ओहोटीला पाणी जाईल खाली आणि होडी राहील दोरावर लटकत. इथे ढील द्यायची."

कप्तान म्हणाले, "लटकत? इतकं कोण चुकतं हो?"

बाबांनी दोर हातात फिरवला. म्हणाले, "माझ्या मुलाच्या हातचा दोर बघायला हवा होता तुम्ही. आयुष्यात एक दोर चुकला त्याचा. फक्त एक. आणि मी त्याच्यावरून..."

दादा, ती एक चूकही तुझी नव्हती.

लिहिलं शेवटी. आता सलग लिहिते, नाहीतर पुन्हा टॉवेल आणि टोमॅटोंकडे वळेन.

त्या संध्याकाळी तू आपली होडी, पिवळी, दगडी धक्क्याला बांधून वहिनीला भेटायला गेलास; ती तेव्हा लाँचच्या तिकीट खिडकीवर बसायची. भरती होती. मी नव्या मरिनातून होड्या धुऊन घरी चालले होते. मला तिथे कामाला लागून सहाच महिने झाले होते. तिथला मुकादम लोंबता दोर दिसला की ओरडायचा, "दोर आवळा, होडी आपटेल!" मला पिवळीचे दोन्ही दोर लोंबताना दिसले. वाटलं, तू वहिनीच्या घाईत तसेच टाकून गेलास, आता बाबा येतील आणि तुला फाडून खातील. मी दोन्ही दोर ओढून घट्ट आवळले. छान गाठ मारली. दादाला वाचवलं, या खुशीत घरी गेले.

होडीवाल्याच्या घरात जन्मून मला हे कळायला हवं होतं. पण आपल्याकडे दोर तुझा आणि डबा माझा, अशीच वाटणी होती ना. मला कुणी शिकवलं नव्हतं. हे कारण खरं आहे, पण ते फक्त त्या संध्याकाळपुरतं.

रात्री उधाणाची ओहोटी लागली. पहाटे तू पोहोचलास तेव्हा ताणलेले दोर तुटून पिवळी दगडांवर पडली होती, मधोमध फुटली होती. बाबांनी स्वतःच्या हाताने घडवलेली होडी. ते तुला चार माणसांत म्हणाले, "तिकीट खिडकीवरून नजर निघाली असती तर दोर दिसला असता." वहिनी तिथेच उभी होती. तू म्हणत राहिलास, मी ढील सोडली होती. मी तुमच्या मागे उभी होते आणि माझे तळहात दोराने सोललेले होते. ते मी ओढणीत गुंडाळून ठेवले.

पहिले आठ दिवस बाबांना घाबरून गप्प बसले. मग तू गेलास. आणि मग, दादा, हे सगळ्यात वाईट, बाबा माझ्याशी बोलू लागले. जेवताना वाऱ्याबद्दल विचारू लागले, शिडांबद्दल विचारू लागले. तोवर मी त्या घरात फक्त डबा होते. मला ते आवडलं. तेवढ्यासाठी मी बावीस वर्षं तुझं खरं खोटं ठरू दिलं.

मागच्या रविवारी मी त्यांना तिथेच सांगितलं, कप्तानांसमोर. म्हटलं, "बाबा, तो दोर मी आवळला होता." कप्तान बिचारे टोपी काढून उभे राहिले, मग हळूच निघून गेले.

बाबांनी खुंट्यावरचा पाय खाली घेतला. मग विचारलं, "त्याने ढील किती ठेवली होती?"

मी दोन्ही हात पसरून दोनदा दाखवलं. दोन वाव.

त्यांनी हातातला दोर आपल्या हातांनी मोजला, एक वाव, दुसरा वाव. खाली पाण्याकडे बघितलं, भिंतीवरच्या शेवाळाच्या रेषेकडे बघितलं. म्हणाले, "बरोबर होती. मीही तेवढीच ठेवली असती." आणि दोर गुंडाळायला लागले. दादा, तीनदा गुंडाळला आणि तीनदा चुकला. शेवटी माझ्या हातात दिला.

मला रागावले नाहीत. घरी अजून माझ्याशी बोलत नाहीत. डबा मात्र खातात.

बुधवारी सकाळी ते माझ्या माडीवर आले. तो गुडघा घेऊन जिना चढून आले. नवी पिशवी घेतली आहे, तिची किंमत सांगणारी चिठ्ठी अजून लोंबते आहे. म्हणाले, "त्याचा पत्ता दे."

"पत्र लिहिताय?"

"पत्रात काय लिहू? जातो."

मी म्हटलं, त्याला विचारून देते. तर म्हणाले, "विचारू नकोस. तो नाहीच म्हणेल. मी असतो तर मीही नाही म्हटलं असतं. नुसता दे."

तुझा पत्ता माझ्याकडे आला तेव्हा वहिनीच्या पत्राखाली तुझ्या अक्षरात एकच ओळ होती: "बाबांना कळला तर मी घर बदलेन." त्यानंतर तुझं अक्षर मी पाहिलं नाही. वहिनीची पत्रं शिडांच्या कापडाखाली ठेवते. बाबांना ती जागा माहीत असणार. त्यांनी हात लावलेला नाही.

मला पत्ता देता आला असता. तुझं भलं होईल असं समजून, तुला न विचारता. तसं मी एकदा केलं आहे.

म्हणून विचारते. त्यांना येऊ देशील का? घरात नको, बसस्टँडवर भेट. दहा मिनिटं. ते माफी मागतील की नुसते उभे राहतील, मला सांगता येत नाही. तू नाही म्हणशील, हे पेन उचललं तेव्हाच ठाऊक होतं. मग निदान ते 'नाही' तुझ्या हाताने लिही. वहिनीकडून नको.

तुझी अपराधी,
बारकी