बेरीज जुळते, पाट्या बदलतात

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९९५

सही करणार नाही! नाही म्हणजे नाही.

काल लॅबमधून रंगाची कृती टाइप करून प्लँटच्या कॉम्प्युटरला पाठवली. सोडा १२१८ किलो. तिकडे छापून निघालं १८१२! सगळ्या हिरव्या रंगाचा चिखल. आज कर्णिक साहेबांनी माफीनामा पुढे सरकवला. सोमवारपर्यंत सही केली तर राजीनामा घेऊन चांगला दाखला देतील, नाही केली तर हाकलतील. घरी दोन्हीकडून बसायचंच!

वर म्हणतात, "मासळी मोजायचे हात तुमचे, आकडे काय सांभाळणार?" त्याच हातांनी आयेने मला शिकवलं. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले नाही, त्याचा जास्त राग येतोय.

बुधवार, ८

"मशीन झूठ नहीं बोलती, मॅडम." — प्लँटचा यादव. बघतेच!

गुरुवार, ९

साहेबांचं एकच पालुपद — "चेकसम असतो. चुकीचा आकडा पोहोचूच शकत नाही." म्हणून मीच मॅन्युअल घेऊन बसले. इंग्रजीने जीव काढला, पण कळलं.

चेकसम म्हणजे बेरजेचा ताळा. मजकुराची दोन-दोन अक्षरं घ्यायची. प्रत्येक जोडी म्हणजे एक आकडा. सगळ्यांची बेरीज. हातचा आला तर टाकायचा नाही, पुन्हा खाली मिळवायचा. शेवटी ती बेरीज उलटी करून मजकुराबरोबर धाडायची. पलीकडचा पुन्हा बेरीज करतो. जुळली नाही तर माल फेकून देतो, पोच देत नाही, मग इकडून तोच माल पुन्हा जातो.

इतकं चोख! मग १८१२ आलं कुठून? दिवसभर डोकं आपटलं. साहेब खरे आणि मी खोटी, असंच दिसतंय. तरी सही नाही.

शनिवार, ११

सापडलं! आणि सापडलं कुणाला — आयेला!

बोईसरच्या बाजारात तिच्या मासळीच्या पाट्या उतरवायला गेले होते. ती मोजत होती, "लाभ, दोन, तीन…" एकाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. दहा भरल्या. आणि पाच मिनिटांत खानावळवाला ओरडत आला. त्याच्याकडे सुका जवळा गेला होता नि सुकी मासळी विकणाऱ्या भागीमावशीकडे त्याची पापलेटं! मी म्हटलं, अगं तू मोजल्या होत्यास ना?

"मोजनी बराबर हाय गो. धा म्हंजे धाच. पन पाट्या बदलल्या त्या मोजनीला काय ठावं?"

मी भर बाजारात तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "याड लागलं काय?"

बारा अधिक अठरा तीस. अठरा अधिक बाराही तीसच! जोड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज हलत नाही. पलीकडचा म्हणतो, बरोबर आहे, छापा!

रविवार, १२

पण अदलाबदल करतं कोण? मॅन्युअल म्हणतं, तारेवर वेगळी, कडक तपासणी असते. ती क्रम बदललेलाही पकडते. पण ती दर टप्प्याला संपते आणि पुढे नव्याने सुरू होते. लॅब आणि प्लँटच्या मध्ये एक डबा आहे, इकडची तार तिकडे जोडणारा. त्याच्या पोटात काय बिघडतं ते तिला दिसत नाही. चोर तिथेच!

सोमवार, १३

साहेबांच्या टेबलावर माफीनामा सही न करताच ठेवला. म्हटलं, आधी माझ्याबरोबर चला.

तीच कृती चारशे वेळा पाठवली. यादव छापील प्रती तपासायला बसला. एकशे सदतिसावीला तो थांबला — १८१२! पुढे आणखी दोन. डबा काढून सरळ तार जोडली, पुन्हा चारशे. एकही चूक नाही.

साहेब म्हणाले, "हं." तेवढंच. मला तेवढं पुरे होतं. माफीनामा मी त्यांच्यासमोर फाडला.

बुधवार, १५

नोकरी राहिली. डबा आल्यापासूनच्या सगळ्या कृती तपासायचं काम माझ्याकडे. यादव आता "मॅडमजी" म्हणतो.

गुरुवार, १६

गेल्या मार्चची एक सापडली. टाइप केलेलं २५३०, छापलेलं ३०२५. खाली नाव जिवल्याचं. माझ्याआधी या खुर्चीवर तोच बसायचा. डोंगराकडचा, बारावी पास, कमी बोलणारा. त्याने सही केली आणि गेला. मी तेव्हा ऑफिसात टायपिस्ट होते.

शुक्रवार, १७

त्याचा माफीनामा मीच टाइप केला होता. मजकूर सांगता सांगता साहेब मध्येच अडले, शब्द सुचेना. 'निष्काळजी' मी सुचवला.