पुलाचं सातवं कलम आणि तुमचा डावा कान

आदरणीय व्याहीबुवा यांना, पुलाच्या अलीकडून हात जोडून नमस्कार.

उत्तराला दीड महिना उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुमचं पत्र वेळेवर मिळालं होतं (वेळेवर म्हणजे बारा दिवसांनी, आमच्या खिडकीतून तुमच्या गावची पाण्याची टाकी दिसते, पण पत्र दोन्हीकडच्या राजधान्या फिरून येतं). चार वेळा कागद घेऊन बसलो आणि चारही वेळा लाज वाटून उठलो. तुमचे गुडघे कसे आहेत? विहीणबाईंची कंबर? नात चालायला लागली असं लेकीने कळवलं, तेव्हापासून आमची ही मला विचारते, कुठल्या हाताला धरून चालते? आता मला काय माहीत! चौदा महिन्यांची झाली पोर, पण पूल बंद, आम्ही तिला फोटोतच पाहिलंय.

तर झालं असं. आमच्या सरकारी विश्रामगृहात (निवृत्तीनंतरही खुर्च्या-गाद्या लावायला मलाच बोलावतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच) तुमच्या आणि आमच्या सरकारची सहकार्याची बैठक ठरली. पाणी, व्यापार, गुरांचे रोग अशी मोठमोठी कलमं होती. सातवं कलम आपलं होतं: दर रविवारी नातलगांना पुलावरून पायी जाऊ द्यायचं. टंकलेखकाच्या टेबलावर ते मी स्वतः वाचलं आणि दोनदा चष्मा पुसला. राजशिष्टाचाराचे साहेब राजधानीतून नवीनच आलेले, अंगाने काडी आणि माझ्यासारखेच घाबरट. पाहुण्यांना काय रुचतं, काय खटकतं, या काळजीने त्यांना घास उतरेना. त्यांनी मला विचारलं, आणि मी म्हणालो, माझे व्याही तिकडचेच, तिकडच्या सगळ्या रीती मला तोंडपाठ आहेत. त्यांनी लगेच वही काढली. व्याहीबुवा, त्या क्षणी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

कारण मी जे सांगितलं ते सगळं तुमचं होतं. मला दुसरं माहीत तरी काय? लग्नात (तेव्हा पूल उघडा होता) तुम्ही चार दिवस आमच्याकडे राहिलात, तेवढंच माझं परराष्ट्राचं शिक्षण. मी सांगितलं, तिकडच्या माणसांशी उजव्या कानाजवळ जाऊन मोठ्याने बोलावं. पंखा लावू नये, त्यांना वारा बाधतो. ती मंडळी जेवायला लगेच येत नाहीत, आधी रुसतात, तेव्हा कोपराला धरून बसवावं (माफ करा). आणि जेवण झालं की अर्धा तास बसल्या जागी डोळे मिटतात, तेव्हा कोणी चकार शब्द काढायचा नाही. साहेबांनी हे सगळं टंकून घेतलं, वर 'गोपनीय' असा शिक्का मारला आणि बैठकीला बसणाऱ्या आमच्या अकरा अधिकाऱ्यांना एकेक प्रत दिली.

भर उन्हाळा आणि पंखे बंद. तुमचे सचिव हसतमुखाने गाडीतून उतरले, तोच आमचे सचिव त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडले, "प्रवास कसा झाला?" ते दचकून मागे सरले, तर मागे उपसचिव टपलेलेच, त्यांनीही त्याच कानात स्वागत केलं. दुपारी ते हात धुवायला निघाले, तो रुसवा समजून दोन शिपायांनी त्यांना कोपरांना धरून खुर्चीत बसवलं (हात तसेच राहिले). जेवणानंतर तर कहर झाला. तुमच्या सचिवांनी आपणहून सातव्या कलमाचा विषय काढला. पुलाचं काय करायचं, असं तीनदा विचारलं, आणि आमचे अकराजण माना खाली घालून गप्प. साहेबांनी तर ओठांवर बोट ठेवलं. मी दाराशी पाण्याचा जग घेऊन उभा होतो, आणि सांगायला लाज वाटते, मला तेव्हाही वाटत होतं की काय सुरेख पाहुणचार चाललाय!

"कानात ओरडता, शिपायांकरवी धरता, आणि पुलाचं नाव काढलं की तोंड शिवून बसता!" असं म्हणून तुमचे सचिव घामाने भिजलेला सदरा झटकत उठले आणि गेले. पुढच्या पाच मिनिटांत साहेबांनी मला गाद्यांच्या खोलीत गाठलं.

"आजोबा, तिकडची किती माणसं ओळखता तुम्ही?"

"एक."

"एक?"

"जावई धरला तर दोन, विहीणबाई धरल्या तर तीन. पण त्या लग्नात आमच्याशी बोलल्याच नाहीत."

साहेब गाद्यांच्या ढिगावर मटकन बसले. शिव्या दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, मुलगी कुठे असते? मी खिडकीतून टाकी दाखवली. घरी येऊन हिला सांगितलं. नातीसाठी विणलेले मोजे तिने पेटीत परत ठेवले, एवढंच.

तुमचा अपराधी,
व्याही

ता. क. साहेब म्हणतात, उपाय एकच आहे. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून तुमच्या सचिवांच्या कचेरीत द्यायचं की डाव्या कानाने ऐकू येत नाही, वारा बाधतो, आणि रुसणं, झोपणं वगैरे सगळं खरं आहे. म्हणजे तो अपमान नव्हता, एका म्हाताऱ्याचा मूर्खपणा होता, हे त्यांना पटेल आणि सातवं कलम पुन्हा टेबलावर येईल. मला माहीत आहे, तुम्ही घरातसुद्धा कानाचं कबूल करत नाही, हल्ली लोक पुटपुटतात असं म्हणता. तरी पदर पसरतो.

पुन्हा ता. क. वर लिहिलंय की साहेबांनी मला विचारलं. ते खोटं आहे. त्यांनी स्वयंपाक्याला विचारलं होतं. मीच मध्ये घुसलो.

आणखी एक. पुढची बैठक पंचवीस तारखेला तुमच्या बाजूला आहे. इकडे नातलग असलेला माणूस तुमचे अधिकारीही शोधतील, आणि तुम्हीच सापडाल. माझ्यावरून काही सांगू नका. मुलीची पाठवणी करताना मी कसा रडलो, ते तुम्ही पाहिलंय. उगाच आमच्या सचिवांना दारातच रुमाल वाटले जातील. (सातव्या कलमाचं काम होणार असेल, तर वाटले तरी चालतील.) आज सात तारीख. हे पत्र एकोणीसला पोचेल, म्हणजे तुमच्या हाती सहाच दिवस उरतात, तेही मी लाजत बसलो म्हणून. रागावून का होईना, पण कचेरीत दोन ओळी लगेच टाका.