चुंबकाने न मेलेल्या डिस्क

३ मार्च
पोन्सोशी पुन्हा जुंपली! कुया पोन्सो म्हणायचं त्याला — थोरला भाऊ! कसला भाऊ, मुकादम मेला. जुन्या हार्ड डिस्क चुंबकाच्या मशीनमधून काढायच्या, 'पुसल्या' असा दाखला छापायचा, माल भंगारात. ठीक. पण या नव्या एसएसडी? आत तबकडीच नाही, चुंबक काय करणार, कप्पाळ! त्यांचा चुराच करायला हवा. सेबू शहरात दुरुस्तीच्या दुकानात सहा महिने काढलेत, एवढं कळतं मला.
"समार बेटावरून बोटीने आलास की विद्यापीठातून, साहेब?" पोन्सो म्हणाला, आणि सगळे खिदळले.

४ मार्च
उकाडा. भात, सुकी मासळी. पोन्सोशी बोलणं बंद.

५ मार्च
गेटवर कुणीतरी झुंजीचा कोंबडा बांधलाय. काय डोळे आहेत! — जाऊ दे. एका संस्थेच्या बारा एसएसडी आल्या. मारकुट्या नवऱ्यांपासून पळालेल्या बायकांना ही संस्था गावोगाव लपवते. पोन्सोने त्याही चुंबकातून काढल्या आणि दाखल्यावर शिक्का — ठाण! चुरा केला तर पाती झिजतात म्हणे. हलकट!

६ मार्च
जिरवली आज! जेवणाच्या सुट्टीत त्यातली एक लॅपटॉपला जोडली. सगळं जसंच्या तसं! बायकांची नावं, पोरांची नावं, आत्ताचे पत्ते. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत सुटलो. "बघ कुया, तुझं मेलेलं कसं बोलतंय!"
डबे आणणारी आलिंग बेबांग म्हणाली, "पुरे रे." मला कुठलं पुरे!
पोन्सो जवळ आला. मग हळूच — "आठवं नाव परत वाच."
वाचलं. दोन्ही पोरींच्या नावांसकट, पत्त्यासकट.
"बरोबर आहे तुझं," म्हणाला. माझं! बरोबर! आणि बाराच्या बारा स्वतःच्या हाताने चुऱ्याच्या मशीनमध्ये घातल्या. पीठ झालं. इतका खूश मी कित्येक दिवसांत नव्हतो.

७ मार्च
पोन्सो आला नाही. आलिंग बेबांग डबा न देता समोर उभी राहिली — "त्याची बायको पोरींना घेऊन पळालीय. दोन वर्षं शोधतोय तिला. ठाऊक नव्हतं तुला?"
नव्हतं.
संस्थेला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडची बाई भराभरा लिहून घेत होती, मध्येच थांबली.
"पत्ता मोठ्याने वाचला कुणी?"
"मी."