भावजी रांगेत बसले

पासली, वैशाख, १९७८

तीर्थस्वरूप सावळारामदादा यांस,

धाकटी बहीण ठकूचा शिरसाष्टांग नमस्कार. भोरची हवा मानवते का? वहिनींचा गुडघा कसा आहे? तुम्ही पाठवलेली जुनी वर्तमानपत्रं मी जाहिरातींसकट वाचून काढली. (केस वाढवायच्या तेलाची दोनदा वाचली. विधवेनं वाचू नये असं तिच्यात लिहिलेलं नव्हतं.)

इकडे रविवारी ग्रामपंचायतीचं मतदान झालं. कोंडिबाभावजींना मीच ओढून नेलं. आणीबाणीत रेशनच्या दुकानावर मोठ्यानं बोलले म्हणून माझ्या या दिरांना धरून नेलं, आणि ते आत असतानाच आमचे हे गेले, ते तुम्ही पाहिलंच आहे. भावाला खांदा द्यायलाही सोडलं नाही. एके काळी ग्रामसभेत सरपंचाला घाम फोडणारा माणूस, पण सुटून आल्यापासून कालवणात मीठ का नाही एवढंही विचारत नाही.

शाळेपुढं पुरुषांची एक, बायकांची एक अशा रांगा होत्या. खाकीतला शिपाई बाहेर येऊन ओरडला, "लायनीत ऱ्हावा!" तसे भावजी खाली उकिडवे बसले, हात गुडघ्यांवर, मान खाली. तुरुंगात मोजणीला असंच जोडीजोडीनं बसवतात म्हणे. मागच्या गेनबाला कमी ऐकू येतं. त्याला वाटलं, नवा कायदा निघाला. तोही बसला. मग त्याच्यामागची रांग बसली. ते बघून गेनबाची बायको भामाबाई म्हणाली, "मग आमीच काय उबं ऱ्हायाचं?" आणि बायकाही बसल्या. (पदर सावरून, गप्पांसकट.) आतले साहेब धावत आले. "हा कसला सत्याग्रह? मागणी काय तुमची?"

"मागनी न्हाई सायेब," भामाबाई म्हणाली, "पर बिगी बिगी उरका, पाय भरून आलं."

सगळे हसत सुटले, शिपाईसुद्धा. भावजी खालमानेनं म्हणाले, "माज्या जोडीला कुनी न्हाई. मोजनी चुकंल, सायेब."

मग कुणी हसलं नाही. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि शिपायाला म्हटलं, "मोजा." तो हळूच म्हणाला, "दोन. उठा आता, काका." भावजी उठले आणि मत न देताच घरी गेले.

दादा, ते सरकारवर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. चिडलेला माणूस निदान विरोधात शिक्का मारायला तरी येतो. भावजींना वाटतं, आपण तोंड उघडलं म्हणून भाऊ गेला. मी शिक्का मारला. कुणावर भरवसा आहे म्हणून नव्हे. आपण घरी बसलो तर सत्तेवरच्यांचं काही अडत नाही, हे कळतं म्हणून.

तुमची,
ठकू

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की गुरुवारी पिण्याच्या विहिरीसाठी ग्रामसभा आहे. सकाळच्या एसटीनं या आणि भावजींच्या जोडीला बसा. जोडीला कुणी असलं तर ते जातील.

आणखी ता. क. तुरुंगात पत्र कुणीतरी वाचल्याशिवाय बाहेर जात नसे, म्हणून भावजींनी हेही वाचायला मागितलं. रांगेची गोष्ट खोडतील या भीतीनं मी दौत लपवली. त्यांनी सगळं वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "वयनी, हिरीचं कोन मांडनार हाय?"

तुम्ही नाही आलात तरी चालेल. (पण या.)