परत न म्हटलेला आकडा

११ जून १९८४
आलो एकदाचा! कळवणहून एसटीने नाशिक, तिथून सिन्नर, आणि पुढे जीपमध्ये पत्र्याची ट्रंक मांडीवर घेऊन. कंपनीची ही खासगी धावपट्टी म्हणजे माळावर डांबराचा एक पट्टा, कडेच्या गवतात शेळ्या आणि चार पायऱ्या चढून काचेची एक खोली. त्या खोलीचा राजा मी, रेडिओ ऑपरेटर. राखणदार पुंजाराम मला सायेब म्हणतो. त्याची बायको चांगुणा दोन्ही वेळेला भाकरी देणार आहे. आईला वाटतं मी विमान चालवतो. वाटू दे बिचारीला.

१४ जून
काम समजलं. कंपनीचं एकच छोटं विमान, मुंबईहून कारखान्याचे सुटे भाग आणतं. चालवणारे कॅप्टन गर्गे, एकटेच. मुंबईहून निघतात तेव्हा त्यांच्या यंत्रात समुद्रापासूनची उंची दिसते, आणि आमचा माळ समुद्रापासून दोन हजार फूट वर! म्हणून उतरण्याआधी मी इथल्या हवेच्या दाबाचा आकडा सांगायचा, त्यांनी तो यंत्रावर लावायचा आणि मला परत म्हणून दाखवायचा. मग जमिनीपासूनची खरी उंची दिसते. ते राहिलं तर यंत्र दोन हजार फूट खोटं बोलणार. एवढंच काम. पगार मात्र पूर्ण.

२२ जून
इथली एक गंमत. कॅप्टनसाहेबांचं घर नाशिकला, गंगापूर रोडला. घाट ओलांडला की ते रेडिओवर सांगतात, घरी कळव. मग मी फोन करायचा, सुधावहिनी कुकर लावणार. माझ्या आधीचा माणूसही हेच करायचा. वरच्या साहेबांना याचा पत्ता नाही. निरोप इकडून तिकडे पोचवून मला कंटाळा आला, म्हणून आज फोनचा रिसीव्हर सरळ माईकला लावून धरला. नवरा-बायको आकाशातून बोलले! कॅप्टनसाहेब इतके हसले की मी स्वतःवरच खूश झालो.

६ जुलै
आता रोजचंच झालंय. वहिनी मला भावजी म्हणतात. मध्ये मध्ये मीही तोंड घालतो, गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. गप्पांच्या ओघात आकडा सांगून टाकतो, साहेब हसता हसता तो परत म्हणतात. चाललंय झकास.

१९ जुलै
लिहितो तरीही.
ढग धावपट्टीजवळच्या टेकडीवर बसले होते. वहिनींनी कारल्याची भाजी केली होती, त्यावरून दोघांचं लाडीगोडीचं भांडण. मी रिसीव्हर धरून हसत होतो. आकडा माझ्या समोर होता. म्हटलं यांचं संपू दे, मग सांगतो. साहेब म्हणाले, अजून अडीच हजारांवर आहे, पुष्कळ वेळ आहे. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. अडीच हजार समुद्रापासून. माळापासून पाचशेच. आणि मधे टेकडी.
मग खरखर. वहिनींनी फोनवर विचारलं, लाइन कटली का. मी हो म्हणालो.

२४ जुलै
विमान टेकडीवर आदळलं, त्याच्या चौकशीला मुंबईचे साहेब आले. आकडा दिला होता का, विचारलं. मी म्हणालो, दिला होता, त्यांनी परतही म्हणून दाखवला. फोनचं बोललोच नाही. आमच्या रेडिओवरचं बोलणं कुठे टिपलं जात नाही. माझ्या शब्दावर सगळं मिटलं. वैमानिकाचं दुर्लक्ष, असं ठरलं.
मेलेल्या माणसावर ढकलून मी मोकळा झालो. मोकळा कसला.

३१ जुलै
सुधावहिनी आल्या होत्या, एकट्याच. बाकावर बसल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा. माझ्या बोलण्याने त्यांचं लक्ष उडालं का हो?"
मी सांगायला हवं होतं. मी बुटांकडे पाहत राहिलो. त्यांनी तो होकारच समजला आणि निघून गेल्या. मी नीच माणूस आहे.

६ ऑगस्ट
दुपारी रेडिओ बोलला. कॅप्टनसाहेबांचा आवाज, मलाच हाक मारून: रावजी, दाब सांग.
मी आकडा सांगितला. ओरडून सांगितला. परत म्हटलाच नाही त्यांनी. पुन्हा तेच, दाब सांग.
पुंजाराम दारात उभा होता. म्हणाला, "कोनाशी बोलता सायेब? बटन तं बंद हाय."

८ ऑगस्ट
आज स्वतःची उंचीही सांगतात. साडेचार हजार. मी आकडा सांगतो, ते ऐकत नाहीत —

९ ऑगस्ट
चार हजार. रेडिओच्या वायरी उपटल्या. तरी —

१० ऑगस्ट
तीन हजार. हसतायत. मी किती वेळा म्हणू, लावा हो साहेब, आकडा लावा —

११ ऑगस्ट
अडीच हजार म्हणाले, म्हणजे माळापासून पाचशेच. लगेच वहिनींना फोन केला. सगळं सांगितलं. आकडा मीच दिला नाही, खोटं मीच बोललो, तुमचा काही दोष नाही वहिनी. रडलो.
त्या शांत होत्या. म्हणाल्या, मला माहीत आहे, त्यांनीच सांगितलं. आणि म्हणाल्या, खोलीतच थांबा, ते तुम्हाला न्यायला येतायत.
ढग टेकडीवरून खाली माळावर आलेत. घरघर आता रेडिओतून नाही, बाहेरून येतेय. काचा थरथरतायत. दार उघडत नाही. पुंजाराम शेळ्या सोडून पळत सुटलाय, वर बघत, म्हणजे त्यालाही —