चार पानांचा गोषवारा

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले आहे. मुलुंडला तेव्हा शाळेच्या मागे भातशेतं होती. शेवटच्या तासाला धडा बाजूला सारून तुम्ही ग्रीकांच्या गोष्टी सांगायचात. ट्रॉयच्या युद्धावर त्यांनी कितीतरी महाकाव्यं रचली, त्यातली बहुतेक हरवली आणि कुणीतरी केलेला गोषवारा तेवढा उरला, हे सांगताना तुमचा चेहरा घरातलंच कुणी हरवल्यासारखा व्हायचा. आम्हा मुलींना हसू यायचं.

अशाच एका हरवलेल्या काव्यातल्या राणीने तुम्हाला झपाटलं होतं. दूरदेशाहून ट्रॉयच्या मदतीला आलेली, तिथेच लढता लढता पडलेली. तिच्यावर तुम्ही मराठी ओव्या रचल्यात, दोन जाड वह्या भरून. काकू पोळ्या लाटताहेत आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसून त्यांना ऐकवताय, हे मला अजून दिसतं. "पुरे हो, पोळी करपतेय!" म्हणायच्या, पण पुढची ओवी ऐकायच्याच.

गिरगावातल्या एका प्रकाशकाला आधी चार पानी गोषवारा हवा होता. तो तुम्ही माझ्यावर सोपवलात, मॅट्रिकच्या मुलीवर! "अक्षर छान आहे गं तुझं. पण सगळं वाच हं. अर्धवट वाचून लिहिलंस तर कान उपटीन." मी आठवडाभर मिरवत होते.

सोमवारी वह्या आणि गोषवारा घेऊन आले, तर तुम्ही तापाने फणफणलेले. "ठेव, बरा झालो की बघतो," म्हणालात. बरे झालाच नाहीत. काकूंनी वह्या ट्रंकेत जपल्या, पण वाळवीने त्यांची माती केली. माझी चार पानं तेवढी काकूंच्या देवघरात होती, म्हणून वाचली.

दर श्राद्धाला काकू मला ती वाचायला लावायच्या. शेवटी राणी पडते आणि तिचा घोडा समुद्राच्या कडेकडेने एकटाच घरी परततो. तिथे त्या डोळ्यांना पदर लावायच्या. "शेवट तेवढा मला ऐकवला नव्हता. पण हे अगदी ह्यांचंच गं. मुक्या जनावरालासुद्धा घरी पोचवलं बघ."

मास्तर, शेवटचा सर्ग मी वाचलाच नव्हता. रविवारी मैत्रिणींबरोबर मनोरीच्या समुद्रावर गेले आणि सोमवारी सकाळी घाईघाईत तो घोडा मनानेच घातला. काकू गेल्या, त्यांनाही सांगितलं नाही. तुमची राणी खरी कुठे पोचली, ते आता कुणालाच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणूनच एवढं लिहवलं. तुम्ही समोर असतात, तर आजही 'सगळं वाचलं' असंच म्हणाले असते.